भोयेबाईंचा वर्तमानकाळ

भोयेबाई चिडल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. इतका उतरायचा की समोरच्याला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागे, आणि माणूस वाकला की त्या जे काही सुनवायचं ते सुनावत. आमच्या शाळेतले दोन मुख्याध्यापक, एक क्लार्क आणि तपासणीला आलेले एक विस्तार अधिकारी असे त्यांच्यासमोर वाकलेले मी पाहिले आहेत. मुलांवर मात्र हा आवाज त्यांनी कधी वापरला नाही. वर्गात त्या इतक्या मोठ्यानं बोलत, की भिंतीपलीकडे मला माझा मराठीचा धडा थांबवावा लागे.

त्या इंग्रजीच्या, मी मराठीची. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. मी शाळेत लागले तेव्हा पंचवीस वर्षांची होते, त्या चाळिशीच्या पुढच्या. त्यांनी पहिल्याच दिवसापासून मला ‘वर्षा’ आणि ‘तू’ केलं, मी त्यांना शेवटपर्यंत ‘बाई’ म्हणत राहिले.

शाळा नाशिकच्या पेठ रोडवर. मुलं बहुतेक पेठ, सुरगाण्याकडून कामासाठी शहरात आलेल्या लोकांची. आईबाप बांधकामावर नाहीतर द्राक्षाच्या मळ्यात. भाताची कापणी आली की सगळं घर गावी जायचं आणि वर्गातले अर्धे बाक रिकामे व्हायचे. बाई स्वतः पेठच्या पुढच्या एका पाड्यावरच्या. हे त्यांनी कधी लपवलं नाही आणि कधी मिरवलंही नाही. बुटक्या, काटक, सुती साडी, पायात पुरुषांचे काळे बूट. बायकांच्या चपलांमध्ये चालता येत नाही, नुसतं मिरवता येतं, असं त्यांचं म्हणणं. वह्या त्या पेन्सिलनं तपासत. लाल पेन टेबलावर दिसलं की उचलून माझ्या खणात टाकत. चुकीवर काट मारायच्या नाहीत, खाली बारीक रेघ मारायच्या आणि मुलाकडूनच दुरुस्त करून घ्यायच्या. त्यात अख्खा तास गेला तरी चालेल.

त्यांचं एक वाक्य शाळेत सगळ्यांना पाठ होतं. ‘कर्ता कोण?’ मीटिंगमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, ‘आठवीच्या वर्गाचं छत गळतं, ते लवकरच बघितलं जाईल,’ की बाई खालच्या आवाजात विचारणार, ‘कोण बघेल? कर्ता सांगा.’ ‘प्रस्ताव पाठवण्यात आलेला आहे’ असं कोणी म्हटलं, तर ‘कोणी पाठवला? कधी?’ कर्मणी प्रयोग हा लबाड माणसांनी स्वतःला लपायला काढलेला प्रयोग आहे, असं त्या मला सांगायच्या. व्याकरण म्हणून ते चुकीचंच होतं. पण त्यानंतर मला कार्यालयाचं कुठलंही पत्र सरळ मनानं वाचता आलेलं नाही.

आठवीच्या वर्गात दर वर्षी जूनमध्ये एक प्रसंग हमखास घडे. बाई मुलांना इंग्रजीत घरच्यांविषयी एकेक वाक्य लिहायला लावत. मुलं गाइडमधलं वाक्य उतरवत: माझी आई गृहिणी आहे. हे वाक्य आलं की बाईंचा संताप पाहण्यासारखा असे. तो मुलांवर नसे, गाइड लिहिणाऱ्यावर असे.

‘आहे म्हणजे काय?’ त्या गरजत. ‘कपाट आहे, खुर्ची आहे, तशी आई आहे? उठल्यापासून झोपेपर्यंत ती काय काय करते ते सांगा. मला क्रियापद द्या.’

मग मुलं घाबरत घाबरत क्रियापदं द्यायची, मराठीत किंवा घरच्या बोलीत. आई वाळू चाळते. आई विटा वाहते. आई गोधडी शिवते, नागली दळते, धाकट्याला थोपटते. बाई प्रत्येक क्रियापदाला इंग्रजी शब्द देत आणि फळ्यावर त्याचा साधा वर्तमानकाळ चालवून घेत. मी, तू, आम्ही, ते, आणि शेवटी तो किंवा ती. तृतीय पुरुष एकवचन आलं की फळ्यावरच्या शेवटच्या ‘एस’वर खडू इतका दाबत की तो मोडे.

‘साधा वर्तमानकाळ म्हणजे आत्ता चाललंय ते नाही,’ त्या सांगत. ‘रोज होतं ते. आज केलं, उद्याही करावं लागणार आहे ते. तुमच्या आयांचा काळ हाच. आणि तो एस विसरायचा नाही. एवढंसं अक्षर आहे, पण ते खाल्लं की लोक तुम्हाला हसतात. हसायला निमित्त द्यायचं नाही.’

एकदा विस्तार अधिकाऱ्यांनी त्यांचा तास पाहिला. नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही चांगलं शिकवता, पण या मुलांच्या मानानं शब्द अवघड आहेत. गो, कम, ईट, प्ले एवढं पुष्कळ झालं. या मुलांना पुढे कुठे लागणार आहे हे सगळं?’

बाईंनी कप खाली ठेवला. साहेब पुढे वाकले.

‘या मुलांच्या मानानं सोपे शब्दच मी देते,’ बाई म्हणाल्या. ‘जे काम ती रोज बघतात त्याचे शब्द. अवघड तुम्हाला वाटतात, कारण तुमच्या घरी ते काम दुसरं कोणीतरी करतं.’

त्या वर्षी त्यांच्या गोपनीय अहवालात ‘सहकार्याची वृत्ती नाही’ असा शेरा आला. त्यांनी तो वाचला, सही केली आणि मला म्हणाल्या, ‘बघ, यातही कर्ता नाही. कोणाशी सहकार्य, तेही नाही.’

त्या स्वतः इंग्रजी कशा शिकल्या हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. पेठकडच्या आश्रमशाळेतून त्या नाशिकच्या कॉलेजात आल्या. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून वाचताना ‘ही गोज’च्या जागी ‘ही गो’ म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. प्राध्यापक हसले नाहीत, पण म्हणाले, ‘तू मराठी घे, तुला ते जमेल.’ बाई त्या दुपारी लायब्ररीत गेल्या आणि मराठी-इंग्रजी शब्दकोश मागितला. सगळ्यात आधी त्यांनी जो शब्द शोधला तो होता ‘उपणणे’. भात झोडून झालं की त्यांची आई खळ्यावर उंच उभी राहून सुपातून धान्य वाऱ्यावर सोडायची. भूस उडून जायचं आणि दाणे पायाशी पडायचे. तेच उपणणं. इंग्रजीत त्याला शब्द सापडला, ‘विनो’.

‘मला इतका राग आला होता,’ बाई म्हणाल्या, ‘आणि तो शब्द बघून आणखी आला. म्हणजे यांच्याही आया वाऱ्यात उभ्या राहून हेच करत होत्या. मग मी घाबरले कशाला होते?’

म्हणून हा शब्द त्या दर वर्षी शिकवायच्या. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेत न शिकवलं जाणारं हे क्रियापद आमच्या शाळेतल्या पोरी घडाघडा चालवायच्या. आय विनो, यू विनो, वी विनो, दे विनो, शी विनोज.

याच शब्दावरून ते सगळं झालं. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

योगिता गावित नावाची मुलगी आमच्याकडे दहावीला होती. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई मळ्यात. मुलगी अबोल, पण हुशार. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी संस्था आहे, तिच्या ज्युनिअर कॉलेजात दर वर्षी काही मुलांना अकरावी-बारावीसाठी वसतिगृहासकट मोफत प्रवेश देतात. त्यासाठी लेखी परीक्षा असते. योगितानं ती दिली. पेपर चांगला गेला म्हणाली. यादी लागली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. बाईंनी फोन केला. ‘उत्तरपत्रिकेबाबत शंका उपस्थित झाल्यानं विचार करण्यात आला नाही,’ असं उत्तर मिळालं.

‘शंका उपस्थित झाली म्हणे,’ फोन ठेवून बाई मला म्हणाल्या. ‘आपल्या पायानं चालत आली असेल. पर्स घे, वर्षा. आपण जातोय.’

बाई, मी आणि योगिता, आम्ही तिघी गेलो. समन्वयक म्हणून जे गृहस्थ होते, ते चाळिशीचे, टाय लावलेले, बोलायला मृदू. उत्तरपत्रिका दाखवायची पद्धत नाही म्हणाले. बाई समोर बसून राहिल्या. पाऊण तासानं समन्वयकांनी ती दाखवली.

निबंधाचा विषय होता माझी आई. योगितानं लिहिलं होतं की दिवाळीत आम्ही गावी जातो, आणि पुढे, ‘माय मदर विनोज द राइस इन द ईव्हनिंग विंड.’ त्या ‘विनोज’भोवती लाल गोल होता. वर कोणीतरी दुरुस्ती केली होती, ‘विन्स’. म्हणजे आई तांदूळ जिंकते. आणि समासात दुसऱ्या हस्ताक्षरात लिहिलं होतं, ‘कॉपी? स्वतःची भाषा वाटत नाही.’

बाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा आवाज इतका खाली गेला की शेजारी बसून मलाही कान द्यावा लागला.

‘एकानं म्हटलंय तिला येत नाही म्हणून चूक. दुसऱ्यानं म्हटलंय तिला येतंय म्हणून चोरी. दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा.’

‘मॅडम, गैरसमज नको,’ समन्वयक म्हणाले. ‘पण हा शब्द आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनाही शब्दकोशात बघावा लागला. तिची पार्श्वभूमी बघता...’

‘ती इथेच बसलीय. तिला विचारा.’

समन्वयकांनी प्राचार्यांना बोलावलं. केस पांढरे झालेल्या, नीटनेटक्या बाई होत्या. त्यांनी योगिताला उभं केलं आणि इंग्रजीत सांगितलं की या क्रियापदाचा साधा वर्तमानकाळ चालव. योगितानं चालवला, हात मागे बांधून, खाली बघत. आय विनो, यू विनो. शेवटी ‘शी विनोज’ म्हणताना तिनं मान वर केली.

‘अर्थ?’ समन्वयकांनी विचारलं. ‘पाखडणे, बरोबर?’

‘पाखडणं वेगळं, उपणणं वेगळं,’ योगिता म्हणाली. ‘पाखडताना सूप हातात हलवायचं, खडा बाजूला येतो. उपणताना वरून सोडायचं, वारा भूस नेतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे. माझी आई उपणते.’

समन्वयकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीची शिक्षिका असल्याचं आधी सांगून झालं होतं. मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर हा फरक मलाही त्या दिवशीच नीट कळला. उपणणं मी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

प्राचार्या आणि समन्वयक बाजूला जाऊन बोलले. परत आल्यावर प्राचार्या हसून म्हणाल्या, ‘मुलगी खरंच चुणचुणीत आहे. विशेष बाब म्हणून आपण तिला घेऊ. आणि आमच्या माहितीपत्रकात तिचा फोटो टाकू. अशा भागातून आलेली मुलगी म्हटल्यावर बाकीच्यांनाही प्रेरणा मिळेल.’

मला वाटलं, सुटलो. बाई उठून उभ्या राहिल्या.

‘विशेष बाब कसली? मार्कांवर तिचं नाव यादीत यायलाच हवं होतं. तुम्ही ते काढलं. ती चोर आहे असं लिहून काढून टाकलं. त्याबद्दल चकार शब्द नाही, आणि वर उपकार करताय, फोटो काढताय?’

‘मॅडम, शांतपणे...’

‘नको आम्हाला तुमची विशेष बाब.’

त्यांनी योगिताचा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. मी मागून चालत होते आणि मला फार बरं वाटत होतं. असं कोणीतरी कधीतरी बोलायलाच हवं होतं, असं वाटत होतं. मला आज त्या बरं वाटण्याचीही लाज वाटते.

फाटकाजवळ, गाड्या लावायच्या शेडखाली योगितानं हात सोडवून घेतला. ती रडत नव्हती. चिडली होती, आणि तिचा आवाज चढला होता.

‘बाई, तुम्ही नको म्हणालात. मी नव्हते म्हणाले.’

‘अगं, त्यांनी तुला चोर म्हटलंय.’

‘मला म्हटलंय ना? मग मला विचारायचं होतं. आतल्यांनी पण नाय विचारलं, तुम्ही पण नाय विचारलं.’

बाईंनी मागे वळून इमारतीकडे पाहिलं.

‘आमच्या खोलीत सहा जण झोपतात,’ योगिता म्हणाली. ‘मी नळाच्या ओट्यावर बसून दहावी केली. मला हॉस्टेल पाहिजे. फोटो काढू दे की त्यांना. फोटोनं माझं काय जातं?’

बाई शेडच्या खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग पदर खोचून म्हणाल्या, ‘थांबा इथंच,’ आणि परत आत गेल्या.

समन्वयकांच्या खोलीला काचेचं दार होतं आणि ते फाटकातून दिसत होतं. मला ऐकू काही येत नव्हतं. बाई टेबलासमोर उभ्या होत्या. समन्वयक बसले होते, आणि त्यांनी खुर्चीकडे हात केला नाही. बाई बोलत होत्या, तो माणूस मागे रेलून ऐकत होता. या वेळी त्याला वाकावं लागलं नाही. दहा मिनिटं झाली असतील. एकदा बाईंनी दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे धरलेले दिसले. मी तोंड फिरवलं. योगितानं नाही फिरवलं. ती बघत राहिली.

बाई बाहेर आल्या. ‘सोमवारी मूळ दाखले घेऊन ये,’ त्या योगिताला म्हणाल्या. ‘वडलांना आण. आणि बूट नीट घालून ये.’

परतताना आम्ही रिक्षा केली. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे वाहनं अडली होती, हॉर्नचा गदारोळ चालला होता. योगिता पुढच्या चौकात उतरून गेल्यावर बाई बाहेर बघत म्हणाल्या, ‘मी या पोरींना सांगत आले, बोला म्हणून. आणि ती बोलायच्या आत मीच बोलले. मला माझ्या रागाचीच पडली होती, वर्षा.’

‘पण बाई, तुम्ही बोललात ते खोटं होतं का?’ मी विचारलं.

‘खरं होतं. पण जागा तिची होती.’

आत काय झालं, काय बोलावं लागलं, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला एवढंच माहीत आहे, की ज्या माणसानं एका मुलीला न विचारता चोर ठरवलं, त्याच्यासमोर माझ्या ओळखीची सगळ्यात ताठ बाई दहा मिनिटं उभी राहिली आणि त्यानं तिला बस म्हटलं नाही. याचा राग ठेवायला मला अजूनही जागा सापडत नाही.

योगिता गेली. पुढच्या वर्षी संस्थेचं माहितीपत्रक आलं, गुळगुळीत कागदाचं, आत तिचा फोटो. नव्या गणवेशात, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी. खाली इंग्रजीत लिहिलेलं होतं, ती दुर्गम आदिवासी भागातून येते. बाईंनी ते वाचलं आणि पेन्सिल घेतली. मी मान वाकवून पाहिलं. छापलं होतं, ‘शी कम फ्रॉम’. एस नव्हता. बाईंनी त्याखाली बारीक रेघ मारली, माहितीपत्रक लिफाफ्यात घातलं, समन्वयकांच्या नावानं पत्ता लिहिला आणि मधल्या सुट्टीत स्वतः जाऊन पोस्टात टाकून आल्या. आल्यावर डबा उघडून माझ्या डब्यातली भाजी मागून घेतली. त्या घटनेनंतर त्यांना पोटभर जेवताना मी तेव्हाच पाहिलं.

योगिता आता पुण्यात शेतीची पदवी करते. सुट्टीत आली की शाळेत येते. बाईंना भेटायला पेठच्या पुढे जाते, तिथे दोघी भांडतात असं मला तिच्याकडूनच कळतं.

बाई निवृत्त झाल्यावर गावी राहायला गेल्या. मला वाटलं, आता शांत होतील. गेल्या उन्हाळ्यात मी एका सहीसाठी शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेले होते. वरच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात, साहेबांच्या खोलीजवळच्या भिंतीला लागून एक लाकडी बाकडं होतं, त्यावर बाई बसल्या होत्या. मांडीवर फाइल. बारीक झाल्या होत्या, केस निम्मे पांढरे.

‘पाड्यावरची शाळा बंद करतायत,’ त्या म्हणाल्या. ‘पट कमी आहे म्हणून. पोरं चार किलोमीटर चालत दुसऱ्या गावी जाणार, मध्ये ओढा. सकाळी साडेदहापासून बसलेय.’

‘साहेब आहेत का आत?’

शिपाई दारापाशी उभा होता. तोच म्हणाला, ‘आतच हायेत, मीटिंगमध्ये. मॅडमला सांगितलं, उद्या या म्हणून.’

‘कालही हेच सांगितलं होतं,’ बाई मला म्हणाल्या. दुपारचे तीन वाजून गेले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली. मी थांबते म्हणाले.

‘तू कशाला थांबतेस? तुझं काम झालं ना? जा. वह्या तपासायच्या असतील.’

मी निघाले. जिन्याच्या तोंडाशी पोचले आणि मागून फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघू लागली. बाई उठल्या होत्या. फाइल काखेत धरून, दोन्ही हातांनी ते जड बाकडं ओढत होत्या. शिपाई ‘ओ मॅडम, ओ मॅडम’ म्हणत मागे मागे चालत होता, पण हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती. बाकडं साहेबांच्या दारासमोर आडवं आल्यावर त्यांनी ओढणं थांबवलं. पदरानं चेहरा पुसला. मग दाराकडे तोंड करून त्यावर बरोबर मधोमध बसल्या आणि फाइल उघडली.